ओला रस्ता बर्फाळ कसा दिसू लागला: प्रारंभीच्या एका जलरंगचित्राचं प्रकरण

चित्र लहान आहे. २८ × ३८ सेंटिमीटर, म्हणजे इम्पीरियल मापाच्या कागदाचा पाव ताव. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या शहरातला, १८८० च्या दशकातला रस्ता. डावीकडे विटांच्या घरांची रांग, उजवीकडे घोडागाडी, मधे छत्र्या घेतलेली तीन-चार माणसं, दूरवर गॅसचे दिवे, आणि खालचा जवळजवळ अर्धा भाग मोकळा रस्ता. फ्रेममागच्या चिठ्ठीवर तीन गोष्टी लिहिलेल्या: काळ सुमारे १८८५, विषय बर्फ पडून गेल्यावरचा रस्ता, आणि चित्रकाराचा प्रारंभीचा करडा काळ, इम्प्रेशनिस्ट (म्हणजे क्षणाचा उजेड उजळ रंगांत टिपणाऱ्या फ्रेंच शैलीच्या) प्रभावाच्या आधीचा. मालकाची अपेक्षा साधी होती. कागद पिवळा पडलाय, तपकिरी ठिपके आलेत, तेवढं स्वच्छ करून नव्या फ्रेममध्ये घालून द्यावं.

हे प्रकरण नमुन्यादाखल मांडलं आहे. अशा चित्रांत वारंवार आढळणारी लक्षणं इथे एकाच कागदावर आणली आहेत, म्हणून चित्रकाराचं नाव नाही. रंग, कागद आणि उजेड यांचं वागणं मात्र खरं आहे.

चिठ्ठीवर विश्वास बसावा अशीच ती होती. त्या पिढीच्या अमेरिकी चित्रकारांची वाट साधारण ठरलेली दिसते. आधी मायदेशी करड्या-तपकिरी छटांत शहराचे रस्ते, मग पॅरिस, आणि तिथून परतल्यावर उजळ रंग. चाइल्ड हॅसमचं उदाहरण सगळ्यांच्या परिचयाचं आहे. १८८३ मध्ये युरोपचा दौरा, १८८४ मध्ये बॉस्टनला जलरंगांचं प्रदर्शन, १८८५ मध्ये पावसाळी बॉस्टनचं करड्या छटेतलं तैलचित्र, आणि १८८६ मध्ये पॅरिसला प्रयाण. या साच्यात आपलं चित्र बरोबर बसतं: करडं, म्हणून पॅरिसच्या आधीचं. अडचण एवढीच, की साचा तैलरंगांवरून बनलाय आणि समोर आहे जलरंग. जलरंगातला करडा चित्रकारानंच लावला होता, हे गृहीत धरता येत नाही.

शिवाय चित्रातच एक विसंगती होती. विषय बर्फ असेल तर गाडीच्या चाकांखाली आणि माणसांच्या पायांखाली उभी, खाली झिरपत जाणारी प्रतिबिंबं कशाला? बर्फावर सावली पडते, प्रतिबिंब पडत नाही. प्रतिबिंबं फिकट होती खरी, पण कुंचल्याचे उभे फटकारे तिरप्या उजेडात स्पष्ट दिसत होते.

फ्रेम उघडण्याआधी पुढून-मागून फोटो घेतले, रंगपट्टी आणि मोजपट्टी सोबत ठेवून. फ्रेम पालथी ठेवून मागचे खिळे पक्कडीनं उपटून काढले. ते वाकवून सैल करण्याचा मोह टाळायचा, कारण धक्क्यानं काच सरकली तर ती रंगावर घासते. काच आणि चित्र यांत अंतर नव्हतं, फक्त माउंटची, म्हणजे चित्राभोवतीच्या खिडकी कापलेल्या पुठ्ठ्याची, जाडी होती. माउंट लाकडाच्या लगद्याचा. त्याची आतली तिरपी कड पूर्ण तपकिरी झालेली, आणि तिच्या लगत चित्रावर २ ते ३ मिलिमीटर रुंदीची जळल्यासारखी रेघ. आम्लयुक्त माउंटचं हे नेहमीचं लक्षण. चित्र मागच्या पुठ्ठ्यावर पूर्ण पाठभर खळीनं चिकटवलेलं होतं, आणि तो पुठ्ठाही लगद्याचाच.

माउंट उचलला तेव्हा प्रकरण बदललं. माउंटनं चारही बाजूंनी रंगवलेल्या भागाचा सुमारे ८ मिलिमीटर पट्टा झाकला होता. वरच्या पट्ट्यात आकाश गुलाबी-जांभळं, खालच्या पट्ट्यात रस्ता गडद जांभळट निळा. आणि त्याच्या आतल्या बाजूला, एका सरळ रेघेत, दोन्ही रंग संपलेले. आत आकाश पिवळट पांढरं आणि रस्ता मळकट पांढरा. ही रेघ चित्रकाराच्या हाताची नव्हती, माउंटच्या पट्टीची होती.

इथे एक सावधगिरी लागते, आणि नेमकी तीच घाईत राहून जाते. झाकलेला पट्टा म्हणजे मूळ रंग, असं सरळ म्हणता येत नाही. त्या पट्ट्याला उजेड लागला नाही, पण माउंटमधलं आम्ल मात्र वर्षानुवर्षं मिळत राहिलं. त्यामुळे तिथला कागद आतल्यापेक्षा जास्त पिवळा झालेला असतो आणि वरचा रंग आहे त्यापेक्षा उबदार दिसतो. उलट, चिंध्यांच्या लगद्याचा चांगला कागद उजेडात थोडा उजळतो. म्हणून आधी न रंगवलेला कोरा कागद दोन्ही ठिकाणी मोजायचा, एक जागा माउंटखालची आणि एक आतली. त्यातला फरक वजा करून मगच रंगांची तुलना करायची. या चित्रात छत्रीच्या कडेला आणि घरांच्या खिडक्यांत कोरा कागद सोडलेला होता, म्हणून हे जमलं. फरक वजा केल्यावरही आकाशातला गुलाबी उरला आणि रस्त्यातला जांभळाही.

मग एकेक रंग. विटांची घरं आणि गाडीचा काळा यांत पट्ट्यात आणि आत काहीच फरक नाही. लोहयुक्त लाल माती आणि कोळशाचा काळा हे पक्के रंग. फरक फक्त जिथे लाल लेक होता तिथे. लेक म्हणजे रंगद्रव्य तुरटीच्या क्षारातून मिळणाऱ्या ॲल्युमिनाच्या पांढऱ्या आधारावर बसवून केलेला रंग. मॅडरच्या मुळाचा रोझ मॅडर, कोचिनील किड्याचा कार्माइन आणि क्रिमसन लेक. उजेड रंगद्रव्य तोडतो आणि आधार तसाच राहतो. रंग पुसला जात नाही, निव्वळ बिनरंगी होतो, आणि वॉशचा, म्हणजे पाण्यानं पातळ केलेल्या रंगाच्या थराचा, पोत जसाच्या तसा कागदावर राहतो. प्रतिबिंबांचे उभे फटकारे तिरप्या उजेडात दिसत होते ते म्हणूनच.

यांतही कच्चेपणाचे दर्जे आहेत. रोझ मॅडर तुलनेनं टिकाऊ, कार्माइन फार कच्चा. पण दोन्ही पातळ वॉशमध्ये लावले की लवकर जातात, कारण कागदावर रंगाचे कण मुळातच कमी असतात आणि प्रत्येक कणाला उजेड थेट भिडतो. तैलचित्रातला जाड थर वरून उडाला तरी खाली शिल्लक राहतो. जलरंगात खाली कागदच असतो.

तपासणीत उपयोगी पडलेली साधनं अशी. ३६५ नॅनोमीटरच्या अतिनील दिव्याखाली आकाशाचा पट्टा नारिंगी-गुलाबी चमकला. नैसर्गिक मॅडरची ही ओळख. प्रयोगशाळेत बनवलेलं अलिझारिन, म्हणजे मॅडरचा कृत्रिम पर्याय, असं चमकत नाही. आणि महत्त्वाचं म्हणजे आतल्या फिकट आकाशातही तीच चमक अंधुक दिसली, म्हणजे डोळ्याला न दिसणारा मॅडर तिथे अजून थोडा शिल्लक आहे. रस्त्याचा पट्टा चमकला नाही. परावर्तित प्रकाशाच्या आलेखात मात्र तिथे सुमारे ५२५ आणि ५६० नॅनोमीटरला दोन खाचा मिळाल्या, म्हणजे कोचिनील. क्ष-किरण प्रतिदीप्तीनं आकाशात कोबाल्ट दाखवला. हे यंत्र धातू ओळखतं, सेंद्रिय रंगांपुढे ते आंधळं असतं. निव्वळ त्याच्या अहवालावर भिस्त ठेवली असती, तर आकाश कोबाल्ट निळं होतं आणि रस्त्यात फारसं काही नव्हतं, असाच निष्कर्ष निघाला असता.

इन्फ्रारेड फोटोत रस्त्यातला निळा जवळजवळ नाहीसा झाला, छत्र्यांतला निळा मात्र काळा दिसत राहिला. इंडिगो इन्फ्रारेड परतवतो, प्रशियन ब्लू शोषतो. म्हणजे छत्र्यांत प्रशियन ब्लू, आणि रस्ता इंडिगो आणि कार्माइनच्या मिश्रणाचा. हे मिश्रण फार वाईट. आकाशात कोबाल्ट अधिक मॅडर होतं, तिथे मॅडर गेल्यावर निदान कोबाल्टची निळसर झाक मागे राहायला हवी होती; वॉश इतका पातळ की कागदाच्या पिवळेपणात तीही विरली. रस्त्यावर तर दोन्ही भागीदार कच्चे. इंडिगोही उजेडात जातो, कार्माइनपेक्षा जरा सावकाश. दोघे गेल्यावर उरला मळका कागद, आणि त्या मळक्या पांढऱ्याला पुढे कुणीतरी बर्फ म्हटलं.

जाता जाता पेन्स ग्रेबद्दल. इंग्लंडच्या विल्यम पेन या चित्रकाराच्या नावाचा हा तयार करडा त्या काळच्या पेटीत हटकून असे. तो एकच रंग नव्हे. जुन्या कृतींत निळा, पिवळी माती आणि लाल लेक यांचं मिश्रण असायचं. लेक उडाला की करडा निळसर होतो, निळाही कच्चा असेल तर पिवळट. त्यामुळे एकोणिसाव्या शतकातल्या जलरंगाबद्दल 'संयत करडी रंगसंगती' अशी स्तुती वाचली, की आधी माउंट उचलून पाहावा.

हे तेव्हाही अज्ञात नव्हतं. विल्यम रसेल आणि विल्यम ॲबनी यांनी ब्रिटिश सरकारच्या विज्ञान आणि कला विभागासाठी केलेला जलरंगांवरच्या उजेडाच्या परिणामांचा अहवाल १८८८ मध्ये निघाला. त्यांनी रंगवलेल्या कागदाच्या पट्ट्या काचेच्या नळ्यांत घालून उन्हात ठेवल्या होत्या. कार्माइन आणि क्रिमसन लेक सर्वांत कच्च्या रंगांत निघाले. हवा आणि ओल काढून टाकल्यावर बहुतेक रंग टिकले, हेही त्यांनीच दाखवलं.

अशी दोन गाजलेली उदाहरणं शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आहेत. विन्स्लो होमरच्या १८८७ च्या एका जलरंगात आकाश आज कोरं दिसतं. तिथल्या शास्त्रज्ञांना त्यात लाल रंगद्रव्यांचे अवशेष सापडले, म्हणजे तिथे मूळचा सूर्यास्त होता. रेनॉयरच्या १८८३ च्या मादाम क्लापिसाँच्या व्यक्तिचित्रात पार्श्वभूमीचा कार्माइन उडाला होता आणि फ्रेमखाली झाकलेल्या कडेला तो टवटवीत होता. ते तर तैलचित्र. पाव तावाचा पातळ वॉश त्यापुढे किती टिकणार?

आता शैलीचा प्रश्न. जांभळट ओला रस्ता आणि गुलाबी आकाश मिळालं म्हणून लगेच 'इम्प्रेशनिस्ट प्रभाव सिद्ध' असं लिहिणं म्हणजे चिठ्ठीचीच चूक उलट्या दिशेनं करणं. जांभळ्या सावल्या इंग्लिश जलरंगकारही वापरत. प्रभावाच्या बाजूनं जास्त वजनदार पुरावा मांडणीत आहे. गाडी उजव्या कडेला निम्मी कापली आहे, क्षितिज वर ढकलून रिकामा रस्ता पुढे आणलाय, माणसांचे चेहरे नाहीत, फक्त डाग. आणि प्रतिबिंबांत वस्तूचा स्वतःचा रंग न घेता आकाशाचा गुलाबी ओढलाय. पट्ट्यावरून हे शेवटचं आता नक्की सांगता येतं. असं पाहण्यासाठी त्या काळी पॅरिसला जाणंही सक्तीचं नव्हतं. १८८३ मध्ये बॉस्टनच्या परदेशी कलाप्रदर्शनात फ्रेंच इम्प्रेशनिस्टांची काही चित्रं आली होती, आणि १८८६ मध्ये पॅरिसचा चित्रविक्रेता पॉल ड्युरां-रुएलनं न्यू यॉर्कला त्यांचं मोठं प्रदर्शन भरवलं. म्हणून 'प्रभावाच्या आधीचा' हे चिठ्ठीवरचं विधान काढलं, आणि त्या जागी 'प्रभावानंतरचा' असं न लिहिता जागा कोरी ठेवली. तारीख ठरवायला रंगसंगती वापरता येणार नाही, एवढंच सिद्ध झालं.

तारखेचा दुसरा धागा कागदात होता, पण तो पाठीवरचा पुठ्ठा निघाल्यावर दिसला. आरपार उजेडात व्हॉटमन या इंग्लिश कागद कारखान्याच्या वॉटरमार्कचा तुकडा आणि १८८४ हे साल. ही फक्त खालची सीमा. चित्र १८८४ च्या आधीचं नाही, नंतर कितीही. चांगला कागद चित्रकार वर्षानुवर्षं साठवून ठेवत. चिठ्ठीवरचं 'सुमारे १८८५' म्हणून टिकलं, पण '१८८४ किंवा नंतर' अशा शब्दांत.

एक किरकोळ पण उपयोगी शोध. चित्रातल्या चार गॅसदिव्यांपैकी तीन अतिनील उजेडात पिवळट हिरवे चमकले, म्हणजे चायनीज व्हाइट, झिंकचा पांढरा. चौथा काळा राहिला आणि क्ष-किरणांत टायटॅनियम सापडलं. टायटॅनियमचा पांढरा रंग चित्रकारांच्या हाती विसाव्या शतकात आला, म्हणजे चौथा दिवा नंतर कुणीतरी डागडुजीत पेटवला. तो काढायचा नाही, नोंद करून ठेवायचा. खाली काय आहे ते ठाऊक नसताना खरवडणं धोक्याचं.

उपचारात पहिला निर्णय: चित्र पाण्यात बुडवून धुवायचं नाही. धुण्यानं पिवळेपणा कमी झाला असता आणि मालक खूश झाला असता. पण रंग बाभळीच्या डिंकात बांधलेले आहेत, तो पाण्यात सुटतो. प्रत्येक रंगावर सूक्ष्मदर्शकाखाली टाचणीच्या डोक्याएवढा पाण्याचा थेंब ठेवून टीपकागदानं टिपून पाहिलं, तर छत्र्या आणि रस्त्याचा पट्टा दोन्ही टीपकागदावर उतरले. ब्लीचचा तर प्रश्नच नव्हता. तपकिरी ठिपके गेले असते आणि सोबत उरलासुरला मॅडरही. आम्ल मारण्यासाठी चुन्याचं पाणीही नाही, कारण अल्कलीनं प्रशियन ब्लू तपकिरी होतो आणि कार्माइनची छटा बदलते. ठिपके राहिले. ते कुरूप आहेत, पण स्थिर आहेत.

पाठीचा पुठ्ठा मात्र काढायलाच हवा होता, आम्लाचं कोठार तेच. चित्र गुळगुळीत पॉलिस्टर फिल्मवर पालथं ठेवलं, खाली टीपकागद. पुठ्ठ्याचे थर सर्जिकल ब्लेडनं आणि चपट्या पात्यानं अर्ध्या अर्ध्या मिलिमीटरनं सोलले. नियम एकच: पुठ्ठा चित्रापासून सोलायचा, चित्र पुठ्ठ्यापासून नाही. वाकेल तो पुठ्ठा वाकावा. चित्र वाकलं तर डिंकाला तडे जातात आणि गडद भागातले पापुद्रे सुटतात. शेवटचा पातळ थर आणि खळ यांवर ४ टक्के मिथाइल सेल्युलोजची जेल, ५ सेंटिमीटरच्या चौकोनांत, १० ते १५ मिनिटं. खळ फुगली की बोथट पात्यानं खरवडून घ्यायची.

इथे चूक कुठे होते ते नीट सांगायला हवं. जिलेटिनचा लेप असलेला कागद पाणी थोडा वेळ अडवतो, त्यावर विसंबून वेळ वाढवला जातो. पण तपकिरी ठिपक्यांच्या जागी बुरशीनं तो लेप खाल्लेला असतो. तिथे पाणी दोन-तीन मिनिटांत पुढच्या बाजूला उतरतं, रंग हलवतं आणि वाळताना कडेनं तपकिरी कंकण सोडतं. म्हणून ठिपके आधी पेन्सिलीनं नकाशावर उतरवून घेतले, त्या चौकोनांवर जेल ३ मिनिटांपेक्षा जास्त ठेवली नाही, आणि उरलेला थर कोरडाच खरवडला. काम कंटाळवाणं आहे, पण घाईला इथे जागा नाही.

नंतर गोअर-टेक्सच्या, म्हणजे पाणी अडवून फक्त वाफ सोडणाऱ्या, पडद्यातून अर्धा तास ओल देऊन कागद सैल केला आणि लोकरी फेल्ट व टीपकागदांमध्ये हलक्या वजनाखाली वाळवला. टीपकागद १५ मिनिटांनी, मग तासानं, मग दुसऱ्या दिवशी बदलले. वजन जास्त ठेवलं की खरखरीत कागदाचा दाणा चेपतो, आणि या चित्रात छत्र्यांवरची चमक कोरड्या कुंचल्यानं त्याच दाण्यावर घेतलेली आहे. कोरडी सफाई पाठीपुरती आणि कोऱ्या कडेपुरती, मऊ ब्रश आणि रबराच्या स्पंजनं. रंगावर खोडरबर कुठेही फिरवलं नाही.

उडालेला रंग परत भरायचा का? नाही. नवा जांभळा चढवला की शिल्लक मॅडर मोजता येणार नाही आणि चित्र आपलं होईल, चित्रकाराचं नाही. त्याऐवजी पट्ट्याच्या मोजमापांवरून संगणकावर एक पुनर्रचना करून तिची छपाई मालकाला दिली. तीही फक्त आकाश आणि रस्ता यांची. छत्र्यांच्या रंगाला पट्ट्यात नमुना नव्हता, म्हणून तिथे आजचीच छटा ठेवली आणि छपाईच्या खाली तसं लिहिलं. पुनर्रचना पाहिल्यावर एक गोष्ट लगेच कळते. आजच्या चित्रात गाडी आणि छत्र्या कात्रीनं कापून चिकटवल्यासारख्या वाटतात, त्यात चित्रकाराचा नवखेपणा नाही. पक्के काळे जागच्या जागी राहिले आणि त्यांना धरून ठेवणारी मधली छटा निघून गेली.

नवा माउंट कापसाच्या लगद्याचा, चार प्लायचा, अल्कली न मिसळलेला, प्रशियन ब्लूमुळे. त्याची खिडकी जुन्यापेक्षा प्रत्येक बाजूनं ३ मिलिमीटर लहान, म्हणजे जळकी रेघ झाकली जाते आणि ८ मिलिमीटरचा पट्टाही झाकलेलाच राहतो. पट्टा लोकांना दाखवण्याचा मोह होतो. पण मूळ रंगाचा तो एकच साक्षीदार, त्याला उजेडात उभं करून संपवायचं नाही. फ्रेमच्या मापात बसवण्यासाठी कडा कापणाऱ्या फ्रेमरच्या हाती असं चित्र देऊ नये, हे वेगळं सांगायला नको. चित्र वरच्या कडेला जपानी कोझो कागदाच्या दोन बिजागऱ्यांनी, गव्हाच्या स्टार्चच्या खळीनं टांगलं. काचेच्या जागी अतिनील गाळणारं ॲक्रिलिक, चित्रापासून ५ मिलिमीटर अंतरावर.

अतिनील गाळलं म्हणजे रंग वाचले, हा समज फार पसरलाय. लाल लेक दृश्य उजेडातही उडतो. हिशेब असा. खिडकीसमोरच्या भिंतीवर २०० लक्स (लक्स हे उजेड मोजण्याचं एकक) आणि दिवसाला १० तास धरले तरी वर्षाला ७ लाख ३० हजार लक्स-तास होतात. ब्लू वूल मापातल्या, म्हणजे रंग किती लवकर उडतो ते मोजणाऱ्या निळ्या लोकरी पट्ट्यांतल्या, सर्वांत कच्च्या नमुन्यात, अतिनील गाळूनही, सुमारे ३ लाख लक्स-तासांत डोळ्याला जाणवेल इतका बदल होतो. म्हणजे १५० दिवस. अशा भिंतीवर ६० वर्षं म्हणजे ४ कोटी ३८ लाख. कार्माइनचा रस्ता पांढरा झाला यात आश्चर्य काहीच नाही. आकाशात मॅडरचा अंश उरला, हेच नवल.

अतिसंवेदनशील वस्तूंसाठी आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगानं २००४ मध्ये दिलेली मर्यादा वर्षाला १५,००० लक्स-तास आहे. ५० लक्सवर रोज ८ तास दाखवलं तर ती ३७ दिवसांत संपते. बारा आठवड्यांचं प्रदर्शन, आठवड्यातून सहा दिवस, म्हणजे २८,८०० लक्स-तास: जवळजवळ दोन वर्षांचा कोटा. तेवढं दाखवून उरलेला काळ अंधाऱ्या पेटीत, ४५ ते ५५ टक्के आर्द्रतेत. घरी भिंतीवर छपाई लावावी. मूळच लावायचं असेल तर लक्स मीटर चित्राच्या जागी, चित्राचं तोंड जिकडे असेल तिकडेच त्याचंही तोंड करून सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी मोजावं, आणि ढगाळ दिवसाचा आकडा हिशेबात धरू नये.